आईचा रकाना

या, असे दाराशी का टेकलात? आत सरका. पंख्याचा वारा इथपर्यंत येतो, आणि जपमाळ सांगणारी तान अग्वेडा यायला अजून अवकाश आहे. ती आली, तिनं पहिला सूर लावला की मग माझं कोण ऐकणार. मीच माझं ऐकणार नाही. त्या म्हातारीच्या गळ्यात देवानं काय ठेवलंय ते त्यालाच ठाऊक. जपमाळेच्या मधेच थांबते, संताची गोष्ट गाऊन सांगते, गाता गाताच एखाद्याचे कान उपटते, आणि ज्याचे उपटले तोच डोळे पुसत घरी जातो. तर ती येईपर्यंत तुम्हाला ह्याच नापुतींच्या घरातल्या एका शुक्रवारची गोष्ट सांगते. त्या दिवशी ह्या म्हातारीला कुणी धड गाऊ देईना. कारण काय, तर एक अर्ज.

ह्या घरातल्या तुन ग्रेगोरिओला जाऊन वर्ष झालं होतं; आमच्या बेटावर वडीलधाऱ्या पुरुषाला तुन म्हणतात आणि बाईला तान. नऊ संध्याकाळी चालणाऱ्या वर्षाच्या जपमाळेचा शेवटचा, नववा दिवस. संध्याकाळी सहाला अर्धं इनालाहान गाव अंगणात बसणार आणि प्रार्थना संपली की जेवणार. एपा पहाटेपासून उभी होती. एपा म्हणजे तुन ग्रेगोरिओची थोरली, जोसेफा. लग्न केलं नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, आणि आई लवकर गेल्यामुळे घरातली सगळी लहान माणसं आपल्या हातानं मोठी केली. दुपारी एकला ती मागच्या पडवीत खवणीवर बसून नारळ खवत होती, आणि शेजारी तिची पोर तासी भाजलेल्या कोंबडीचे तुकडे करत होती. तासीचे हात भरलेले होते, म्हणून वाजणारा फोन तिनं कोपरानं चालू केला आणि तांदळाच्या पोत्यावर तसाच बोलता ठेवला.

"तासी, बाळा, तुझा अर्ज परत आलाय."

विद्यापीठातल्या लष्करी प्रशिक्षणाच्या कचेरीतून मिसेस ताइमांग्लो बोलत होत्या. तासीच्या हातातला तुकडा परातीत पडला. "परत? मार्क कमी पडले?"

"मार्कांचं काही नाही गं. पळणं, मुलाखत, डॉक्टरी तपासणी, सगळं उत्तम. आईचं नाव जुळत नाही. अर्जात तू जोसेफा नापुती लिहिलंयस. जन्मदाखल्यावर रोक्सान नापुती आहे."

खवणीचा आवाज थांबला.

"तुला माहीत नाही होय?" एपा बसल्या जागेवरून ओरडली. "तुझा नवरा माझा मावसभाऊ! ह्या पोरीच्या पहिल्या कम्युनिअनला केक तू आणला होतास. त्यावर काय लिहिलं होतंस? 'एपाच्या लेकीला' असंच ना?"

"मला माहीत आहे एपा, सगळ्या गावाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही." मिसेस ताइमांग्लोंनी मोठा श्वास घेतला. "ऐक तासी. साडेचारला यादी बंद होते. तोवर दुरुस्त करून पाठव, नाहीतर अर्ज मागे घे, म्हणजे फाईल न उघडता परत येईल. पुढच्या सत्रावर टाकू नकोस. शिष्यवृत्तीला पदवीची दोन वर्षं उरलेली लागतात, आणि तुझी बरोबर दोनच उरलीत."

"दुरुस्त म्हणजे कसं करायचं?"

"आईच्या रकान्यात रोक्सानचं नाव. एपाचं नाव पुढच्या पानावर. 'इतर नातेवाईक' म्हणून जागा आहे."

"इतर!" एपा म्हणाली. फोन बंद झाला तरी म्हणाली, "इतर!"

एपाला रागवायचा सराव होता, पण हा राग कुणावर काढावा ते तिला कळेना. नारळावर काढावा तर नारळ संपला होता. "माझं नाव घालायला तुला सांगितलं कुणी?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं की आपण भलत्याच बाजूनं भांडतोय.

"किनमामानं."

किन अंगणातल्या मंडपात खुर्च्या मांडत होता. एपाच्या पाठचा भाऊ. नौदलाच्या कोठारात तेवीस वर्षं अर्ज भरून निवृत्त झालेला. घरातला प्रत्येक कागद आपल्या नजरेखालून जावा असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते फक्त त्याचंच होतं. स्वतःचं नाव मात्र त्याला कुठूनही ऐकू येई.

"मी काय सांगितलं?" तो दारातून डोकावला. "पोरीनं विचारलं, मामा, आईच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, आईचं नाव! आता ह्यात माझं काय चुकलं ते मला कुणीतरी समजावून सांगा."

कुणालाच समजावता येईना. म्हणून तर आणखी चिडचिड.

"दाखलाच नवा काढू," किन म्हणाला. "नोंदणीत ओळख काढतो कुणाची तरी."

"साडेतीन तासांत? शुक्रवारी दुपारी?"

"मग मी त्या कचेरीतल्या मेजरला फोन करतो. नौदलातल्या माणसाचं ऐकेल तो."

"किन," एपा म्हणाली, "जा. खुर्च्या मांड."

तासीनं हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलापाशी आली. टेबलावर जागा नव्हती. शेवयांचे तीन ट्रे होते, टिटियास भाकऱ्यांची चळत होती, मिरची-लिंबाच्या फिनादेनीचं पातेलं होतं. तिनं भाकऱ्या सरकवल्या आणि कोपऱ्यावर लॅपटॉप टेकवला. तीन महिन्यांपूर्वी ह्याच कोपऱ्यावर तिनं तो अर्ज भरला होता आणि त्या रकान्यापाशी तिचा हात क्षणभरही अडखळला नव्हता.

तिच्यापासून कुणी काही लपवलं होतं असं नाही. आपल्याला जन्म रोक्सानमावशीनं, एपाच्या धाकट्या बहिणीनं, दिला हे तिला आपलं बाप्तिस्म्याचं नाव जितकं ठाऊक होतं तितकंच ठाऊक होतं, आणि तितकंच ते कधी वापरात नव्हतं. ती अकरा महिन्यांची असताना एका रविवारी जेवता जेवता आजोबांनी सांगितलं, ही आता एपाची. आणि ती एपाची झाली. बापाचं नाव दाखल्यावर कधी नव्हतंच. शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये आडनाव तेच, नापुती. कुणी पुढे विचारलंच नाही. रोक्सानमावशी सैन्यातल्या नोकरीवरून, हवाईहून, दोन वर्षांनी एकदा यायची, पळायचे बूट आणायची, आणि बुटांचं माप कधीच विचारायची नाही. ते नेहमी बरोबर यायचे.

त्याच बुटांनी ती दीड वर्ष पळत होती. शिष्यवृत्तीशिवाय, नुसती प्रशिक्षणाच्या वर्गात बसायची परवानगी घेऊन. पहाटे साडेचारला गाडी काढायची, मांगिलाओच्या विद्यापीठात जायचं, कवायत करायची, मग दिवसभर नर्सिंगचे तास. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं हे सगळं तिनं केलं. शेवटच्या महिन्यात त्यांना कुणाची नावं आठवत नव्हती, पण ती गणवेश घालून आली की ते म्हणत, "लेफ्टनंट, पाणी." लष्करी दवाखान्यात नर्स, आणि खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी. एवढं एकच तिनं मागितलं होतं. आणि ते आता एका रकान्यात अडकलं होतं.

वडिलांच्या वर्षासाठी रजा काढून आलेली रोक्सान बर्फ आणायला गेली होती. ती दोन्ही खांद्यांवर पिशव्या घेऊन आली तशी तासी म्हणाली, "मावशी, बरं झालं आलीस. अर्ज परत आलाय. आईच्या जागी तुझं नाव घालावं लागणार आहे. तू फक्त—"

"नको," रोक्सान म्हणाली.

बर्फ टेबलावर आदळला. शेवयांचा एक ट्रे हलला.

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. माझं नाव घालू नकोस."

एपा ओल्या हातांनीच दारात आली. आतापर्यंत ती आपलं नाव खोडलं जाणार म्हणून संतापली होती. तो संताप क्षणात वळला आणि दुप्पट झाला.

"नको? एकोणीस वर्षं तुझ्या दर विमानाची मला धास्ती, रोक्सान. वाटतं, ह्या वेळी ही उतरल्या उतरल्या म्हणणार, माझी पोर दे. रात्रभर मी माझी समजूत घालते, एपा, मागितली तर द्यायची, तिचीच आहे. आणि आज कागदावर नुसतं नाव हवंय, तर बाईसाहेब म्हणतात नको!"

"ताई, बाहेर ये."

"का? इथेच बोल. लाज वाटते का तिची?"

"ताई, बाहेर ये म्हटलं ना!"

सार्जंटचा आवाज होता तो. एपा पुटपुटत मागे गेली.

मागच्या फणसाखाली मोठी भांडी घासायचा हौद आहे. रोक्सान त्याच्या कडेवर बसली. वीस वर्षांची असताना ह्याच कडेवर बसून तिनं ताईला सांगितलं होतं की मी भरती होतेय. त्या दिवशीही ताई असाच एक टोप हातात घेऊन उभी होती.

"मलाही तेव्हा असाच अर्ज दिला होता," ती म्हणाली. "त्यात विचारलं होतं, मुलं किती? मी लिहिलं, नाही."

टोप घासायला घेतलेला हात तसाच राहिला. "नाही?"

"एकटीच्या पदरात मूल असलं तर घेत नाहीत. ताबा दुसऱ्याला दिल्याचा कोर्टाचा कागद लागतो. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढाही विचार केला नव्हता. बाबा आदल्याच रविवारी म्हणाले होते ना, ही आता एपाची. मग माझी किती? मी प्रामाणिकपणे मोजली, ताई, आणि एकही निघाली नाही."

"बरं, मग नंतर?"

"नंतर काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा. तेव्हा मला नियम माहीत होता. तरी तेच उत्तर लिहिलं. एकदा लिहिलं की पुढे तेच लिहावं लागतं." ती बोटांनी हौदाची कड खरवडत होती. "वीस वर्षांना आता चौदा महिने कमी आहेत. वीस झाली की पेन्शन. तासीच्या अर्जात मी आई म्हणून गेले की तिचा कागद आणि माझा कागद समोरासमोर येणार. मग पेन्शन राहिली बाजूला, गणवेशही उतरवतील."

एपानं टोप हौदात ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? 'बरोबर लिहिलंस' असंच ना?"

एपाला तेव्हा आनंदच झाला असता. ती टोपाकडे बघत राहिली. एका बाजूला तासीचा अर्ज, दुसऱ्या बाजूला रोक्सानची एकोणीस वर्षं, आणि दोघींनाही ह्याच हौदावर बसवून तिनं न्हाऊ घातलेलं. देवानं निवड करायला सांगावं, पण असं सांगावं?

"मग मी अर्ज मागे घेते."

तासी मागे उभी होती. हातात बर्फासाठी रिकामी बादली. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"गप्प बस!" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. मग एकमेकींकडे बघून पुन्हा चिडल्या, कारण एकमत कशावर झालंय ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

तीन वाजून गेले. आता वाद घरात आला आणि बाजू फिरल्या. तासी म्हणाली, मागे घेते, मी नुसती नर्स होईन, दवाखाने काय कमी आहेत. किन लगेच तिच्या बाजूला गेला; चौदा महिन्यांनी पेन्शन असलेल्या माणसानं हलूसुद्धा नये, असं त्याचं नौदलातलं ज्ञान. एपा म्हणाली, पोर माझी आहे, अर्ज जाणार. मग कोणाचं नाव घालून? ते मला विचारू नका. रोक्सान काहीच बोलेना, आणि त्याचा सगळ्यांना जास्त राग आला.

"तासी अधिकारी झाली की रोक्सीला तिला सलाम ठोकावा लागेल, म्हणून ही अडून बसलीय," किन वातावरण हलकं करायला म्हणाला.

कुणी हसलं नाही. रोक्सान तर खिडकीकडे वळली. गेलं दीड वर्ष, ते बूट दिल्यापासून, तिनं मनाशी एकच चित्र धरून ठेवलं होतं. पोरीच्या शपथविधीला रजा काढून यायचं, आणि तिच्या खांद्याला पट्टी लागल्यावर पहिला सलाम आपण करायचा. लेक म्हणता येत नाही तर नाही. सलाम करायला कोण अडवणार?

एवढ्यात तान अग्वेडा आली. तुन ग्रेगोरिओची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची, काखेत गाण्यांची वह्या-पुस्तकं, हातात मेणबत्ती. भांडण थांबलं. एकेकानं पुढे होऊन वाकून तिचा हात नाकाला लावला, तिनं एकेकाला आशीर्वाद दिला, आणि मग जिथे तुटलं होतं तिथून भांडण पुन्हा सुरू झालं.

म्हातारी भावाच्या फोटोपुढे बसली. गळा मोकळा करायला तिनं एक ओळ धरली.

"त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत," किन म्हणाला.

"आता बोलतात," रोक्सान म्हणाली.

तिनं पुन्हा ओळ धरली.

"माझ्या नावाला काय काटे लागलेत का?" एपा म्हणाली.

तिसऱ्यांदा ओळ धरली, तेव्हा भाताचं झाकण खाली पडलं. तान अग्वेडानं वही मिटली आणि मांडीवर आपटली. "आज माझ्या भावाचं वर्ष आहे की गावाचा बाजार? मला एकानं सांगा. एकानंच. किन, तू नको."

पण सांगितलं किननंच, एका दमात, मेजरसकट. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या रविवारी मी जेवायला होते," ती म्हणाली. "लाल भात कच्चा होता. एपा, तू केला होतास."

"आत्या!"

"कच्चा होता तर कच्चा म्हणायचं. ग्रेगोरिओ म्हणाला, ही एपाची. बरोबर. त्यानं पोर एपाच्या मांडीवर दिली. रोक्सानच्या पोटातून आली हे पुसा, असं तो म्हणाला नव्हता. मी शेजारी बसले होते, मला ऐकू येत होतं तेव्हा." आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलेल्या मोशेची गोष्ट. गोष्ट सगळ्यांना लहानपणापासून पाठ, तरी हातातलं काम ज्याच्या त्याच्या हातात राहिलं.

*एकीनं सोडला पाण्यात गं, एकीनं उचलला काठी,*
*दोघींची आठवण ठेवली देवानं एकाच पोरासाठी.*

पुन्हा तीच ओळ, वरच्या सुरात. आणि तिसऱ्यांदा अगदी खाली, जवळजवळ बोलल्यासारखी, रोक्सानकडे तोंड करून. बाहेर मंडपात आलेल्या दोघी-तिघी बायकांनी सवयीनं धृपद उचललं. आत काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं.

गाणं संपल्यावर किन हळूच म्हणाला, "पण आत्या, मोशेच्या आईची पेन्शन अडकली नव्हती."

"मोशेच्या आईचं पोर अडकलं होतं," म्हातारी म्हणाली. "आता जा आणि खुर्च्या मांड."

रोक्साननं टेबलावरचा फोन उचलला. "दादा, होनोलुलूत किती वाजले असतील?"

"पावणेआठ. कालचे. तिकडे अजून गुरुवारच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "कालच सांगायला हवं होतं."

ती गाडी उभी करायच्या छपराखाली जाऊन उभी राहिली. तिचा वरिष्ठ, मास्टर सार्जंट, घरी जेवत होता. मागे कुत्रं भुंकत होतं. तिनं सगळं सांगितलं. पहिला अर्ज, त्यानंतरचे अर्ज, नियम कळल्यावरही लिहिलेलं 'नाही'. मधे एकदाही 'आमच्याकडे अशी रीत आहे' असं म्हणाली नाही. ते खरं असूनही म्हणाली नाही.

कुत्र्याला कुणीतरी आत घेतलं. "नापुती," तो शेवटी म्हणाला, "सोमवारी सकाळी पहिल्यांदा वकिलाकडे जा. तू होऊन मला सांगितलंस, ते मी आज तारीख घालून लिहून ठेवतो. ह्यापलीकडे मी तुला कसलंही आश्वासन देऊ शकत नाही." मग जरा थांबून, कंटाळल्यासारखा, "चौदा महिने थांबता आलं नसतं का?"

"मुलीचा अर्ज आज साडेचारला बंद होतोय."

"कुणाच्या मुलीचा?"

"माझ्या."

तिनं फोन ठेवला.

ती आत आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "लिही," ती म्हणाली.

"मावशी, मी—"

"लिही, तासी. मी माझं सांगून आलेय. आता तू नाही लिहिलंस तर ते फुकट जाईल."

तासीनं एपाकडे पाहिलं. तो रकाना खोडायचा तर तिच्याकडे बघून खोडायला हवा, एवढं तिला कळत होतं. एपा पुढे आली, तासीच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि चष्मा नसताना पडद्याकडे बघू लागली.

"रोक्सान मारिया," तिनं सांगायला सुरुवात केली. "मारिया गाळू नकोस, दाखल्यावर आहे. जन्म तीस ऑगस्ट. पहाटेचा. पहाटेचा लिहायची गरज नाही, पण होता पहाटेचा. वादळ होतं, सुईण आली नाही, दिवा मी धरला होता."

"ताई," रोक्सान म्हणाली.

"गप्प. पोरीचं लक्ष जातं."

पुढचं पान उघडायला नेटनं सहा मिनिटं घेतली. त्या सहा मिनिटांत एपानं नेटवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि किन म्हणाला, मी एकदा सगळं नजरेखालून घालू का? तिन्ही बायका एकदम ओरडल्या, "नाही!"

पान उघडलं. इतर नातेवाईक. नाव, जोसेफा नापुती. नातं, यादीतून निवडा. दत्तक आई, सावत्र आई, कायदेशीर पालक. एपा ह्यातली कुणीच नव्हती. तासी यादीच्या तळाशी गेली. 'इतर'. त्याखाली एक चिमुकला चौकोन उघडला: थोडक्यात सांगा.

"मावशी लिही," एपा म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला. "खरं तेच लिही. मावशीच आहे मी."

तासीनं काहीतरी लिहिलं. फार नाही. बटण दाबलं. चार वाजून सव्वीस मिनिटं.

"काय लिहिलंस?"

"दिसत नाही का?"

"चष्मा कुठाय माझा?"

"तुझ्या डोक्यावर, आई."

पण चष्मा डोळ्यांवर येईपर्यंत पान निघून गेलं होतं, आणि तेवढ्यात पडवीतून करपल्याचा वास आला. "भात!" एपा किंचाळली. तीस जणांचा लाल भात, आणि तळाला ही जाड खरपूड. ती टोपापाशी धावली, झाकण फेकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वर्षाच्या दिवशी, बाबांच्या जपमाळेला, आधी कच्चा आणि आता करपलेला, आत्या आता मरेपर्यंत बोलणार! रोक्सान तिच्या शेजारी बसली, चमचा घेतला, आणि लहानपणी खायची तशी खरपूड खरवडून खायला लागली. एक तुकडा तिनं ताईच्या तोंडात घातला. ताई रडता रडता चावत राहिली, आणि चावता चावता म्हणाली, मीठ कमी आहे.

पावणेपाचला मिसेस ताइमांग्लोंचा फोन आला. आला म्हणाल्या अर्ज. नावं जुळली. यादीत गेला. सोमवारी रोक्सानच्या वाट्याला काय येणार ते त्या संध्याकाळी कुणालाच माहीत नव्हतं. सहाला मेणबत्ती लागली तेव्हा ती पहिल्या रांगेत तासीच्या शेजारी बसली होती, आणि तान अग्वेडानं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला अख्खी जपमाळ चढ्या आवाजात म्हणताना ऐकलं.

चौकोनात तासीनं काय लिहिलं होतं, ते पुढे मिसेस ताइमांग्लोंनी सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. 'घरी हिला आई म्हणतात.' एवढंच.

बघा, फाटकाचा आवाज झाला. तान अग्वेडाच असणार. उठा, पुढे व्हा, हात नाकाला लावा तिचा. जपमाळेच्या शेवटच्या दहा मण्यांनंतर ती विचारेल, आज कुणाकुणाची आठवण करायची? लोक आपापल्या गेलेल्यांची नावं घेतील, तशी रीत आहे. एपा गेलेली नाही. ती मागे पडवीत आहे, भाताच्या टोपाशी भांडतेय, ऐकू येतंय ना? पण त्या अर्जात आईला रकाना एकच होता, आणि तिची जागा दुसऱ्या पानावर, 'इतर'च्या खाली. म्हणून म्हणते, तुमची नावं घ्याल तेव्हा मनातल्या मनात तिचंही घ्या. जोसेफा नापुती. आणि पहिलं घ्या.